जुन्या चिनी चित्राची पारख

जुन्या चिनी चित्रावर काळ्या शाईची सही आणि शेजारी लाल शिक्के दिसले, की पाहणाऱ्याची नजर आधी तिकडेच जाते. जाणकाराने मात्र त्यांच्याकडे शेवटी वळावे. सही गिरवता येते, शिक्का दुसऱ्या दगडावर कोरून घेता येतो. चित्रकाराच्या पश्चात त्याचे शिक्के भलत्याच्या हाती पडले, तर खोट्या चित्रावरही अस्सल ठसा उमटतो.

शिक्के दोन तऱ्हांचे असतात. एकात अक्षरे लाल उमटतात, दुसऱ्यात लाल जमिनीवर ती पांढरी सुटतात. ठशाचा लाल रंग हिंगूळ तेलात घोटून करतात. पुढे चित्र ज्याच्या संग्रहात गेले, तोही आपला शिक्का मारतो. सोळाव्या शतकातील संग्राहक श्यांग युआनब्यान याने तर एकेका चित्रावर शिक्क्यांची गर्दी केली. सहीसोबतचे वर्ष बहुधा साठ वर्षांच्या चक्रातले असते. आपल्या पंचांगातील संवत्सरांप्रमाणे तेच नाव साठ वर्षांनी परत येते, त्यामुळे नुसत्या नावावरून काळ ठरत नाही.

म्हणून पारख सुरू होते ती कुंचल्याच्या रेघेपासून. नक्कल करणारा मूळ चित्राकडे पाहत थबकतो, तिथे रेघेतला जोर जातो. मग कागद किंवा रेशीम. चहाच्या पाण्याने रेशमाला जुनेपणा आणण्याची युक्ती जुनीच आहे. रंग सगळीकडे सारखा चढलेला दिसला, तर संशय घ्यावा. भिंगाखाली एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती यंत्राची छपाई.

राजमुद्राही फसवते. चित्रकार ह्वांग गोंगवांग याच्या १३५० च्या ‘फूछुन डोंगरातील वास्तव्य’ या लांबलचक गुंडाळीची एक नक्कल १७४५ मध्ये छ्यानलुंग बादशहाकडे आली. ती अस्सल मानून त्याने जागा मिळेल तिथे मजकूर लिहिला, शिक्के मारले. पुढच्या वर्षी खरी गुंडाळी आली, तेव्हा तिलाच नकली ठरवले. त्या चुकीमुळे मूळ चित्र बादशहाच्या लेखणीतून वाचले, हे कलेचे भाग्यच. नकलेवरचे त्याचे शिक्के खरेच आहेत. पण ते चित्र दरबारात होते, एवढेच त्यांतून सिद्ध होते. दोन्ही गुंडाळ्या आज तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहेत.

त्याच संग्रहालयात चित्रकार फान ख्वानचे सुमारे हजार वर्षांपूर्वीचे पर्वतचित्र आहे. त्याच्या खालच्या भागात, झाडाच्या पानांत दडलेली सही १९५८ मध्ये अभ्यासक ली लिनत्सान यांना दिसली. त्याआधी कित्येक शतके ते चित्र थोर मानले गेले होते, ते कुंचल्याच्या बळावर.

घरात अशी जुनी गुंडाळी असेल, तर ती पुसू नये आणि नव्याने मढवूही नये. जुनी पेटी, कडेचे कापड आणि पावत्या जपून ठेवाव्यात. दिवसाच्या उजेडात सही-शिक्क्यांची जवळून आणि पूर्ण चित्राची लांबून छायाचित्रे काढावीत, आणि मगच तज्ज्ञाला मूळ चित्र दाखवावे.