टेंगूळ आलं, म्हणजे सुटलो?

न्हाणीघरात कुणी पाय घसरून डोक्यावर पडलं की शेजारचं निदान डॉक्टरांच्या आधी येतं: "टेंगूळ आलंय ना? मग मार बाहेर निघाला." टेंगूळ म्हणजे कवटीबाहेर, कातडीखाली साकळलेलं रक्त. आत काय झालं, याचा त्यावरून पत्ता लागत नाही. "शुद्ध गेली नव्हती" हाही दिलासा कच्चाच. मेंदूला हादरा बसलेले बहुतेक लोक बेशुद्ध पडतच नाहीत.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे, काय झालं ते पेशंटच सांगेल. कसं सांगणार? पडण्याच्या आगेमागचं त्यालाच आठवत नसतं. डॉक्टर डोळे उघडणं, बोलणं, हालचाल बघून ३ ते १५ गुण देतात. ग्लासगोत १९७४ साली बसवलेली ही पद्धत. पण हे गुण त्या घटकेचे. तासाभरापूर्वी तो कसा होता, हे ज्याने पाहिलं तोच सांगू शकतो. म्हणून पैसे भरायला येणाऱ्या भाच्यापेक्षा पडताना पाहिलेली मोलकरीण सोबत असलेली बरी. कागदावर लिहून न्या: किती वाजता पडले, कशावर आपटले, लगेच उठले का, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते का, झटका आला का. उलट्या "दोन-तीन" नव्हे. "सव्वासातला एक, पावणेनऊला एक".

गोळ्यांची पाकिटंही न्या. "बीपीचं चालू आहे" एवढ्यावर भागत नाही. ॲन्जिओप्लास्टी झालेल्यांना बहुधा ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल असतं, काहींना वॉरफरिन. त्यांच्यात रक्तस्रावाचा धोका जास्त.

सीटी नॉर्मल आला तरी त्रास खोटा ठरत नाही. सीटीत रक्तस्राव, फ्रॅक्चर दिसतं. नुसता हादरा दिसत नाही. डोकं दुखणं, उजेड न सोसणं, चिडचिड काही दिवस, कधी काही आठवडे राहते. म्हाताऱ्या माणसांत तर रक्त हळूहळू साचून काही आठवड्यांनी चाल अडखळते, आणि घरचे वयाला बोल लावतात. तेव्हा महिन्यापूर्वीचं पडणंही डॉक्टरांना सांगायचं.

रात्रभर जागं ठेवायचं का? तपासून घरी सोडलं असेल तर झोपू द्यावं. मध्ये उठवायचं का, ते निघतानाच विचारून घ्यावं. मात्र हलवूनही जाग येत नसेल, डोकेदुखी वाढत असेल, उलट्या थांबत नसतील, झटका आला, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा नाका-कानातून पाण्यासारखं गळू लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका.