हळदीकुंकवाला मागे बसणारी

मैत्रिणींनो, अजिंठ्याची लेणी पाहिली असतील, तर सोळाव्या लेण्यातली ती बाई तुम्हांला आठवत असेल. ‘मरणासन्न राजकन्या’ असं तिचं नाव पडलं आहे. ही नंदाची बायको सुंदरी, असं जाणकार सांगतात. नंद म्हणजे बुद्धांचा सावत्र भाऊ. तो संसार सोडून भिक्षू झाला, त्याचा मुकुट तेवढा घरी आला आणि तो पाहून ती कोसळली. पण तिच्यापेक्षा भोवतालच्या बायका पाहा. एकीनं मागून सावरून धरलं आहे, एकीनं हात हातात घेतला आहे, एक पंख्यानं वारा घालते आहे. दीड हजार वर्षं झाली, कुणी जागची हललेली नाही!

आपल्याकडेही कुणाला ताप आला, ऑपरेशन झालं, की शेजारणी डबे घेऊन धावतात. पण दुखणं वर्षानुवर्षांचं असलं, तर पाचव्या वर्षी विचारायला कोण येतं? आणि एक दुखणं तर असं, की त्यात माणसं जवळ येण्याऐवजी लांब सरकतात. ते म्हणजे कोड.

कोड ठणकत नाही, अंथरुणाला खिळवत नाही. पण हळदीकुंकवाला गेलं, की कुंकू लावणारीचं बोट क्षणभर अडखळतं. ते हिलाही कळतं आणि तिलाही. पुढच्या वर्षी ही मागच्या रांगेत बसते. त्याच्या पुढच्या वर्षी “पाहुणे आलेत हो” म्हणून निरोप धाडते. घरात लग्नाची मुलगी असली, की आईनं मांडवात फारसं पुढे येऊ नये, असंही सुचवलं जातं. गोड शब्दांत, बरं का!

आता यातलं खरं काय ते ऐका. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्या, की तिथं पांढरा डाग उमटतो. बहुतेक वेळा आपल्याच शरीराची संरक्षणव्यवस्था या पेशींवर उलटते. म्हणून काहींना थायरॉइडचाही त्रास असतो, तो तपासून घ्यावा. जगात शंभरात साधारण एकाला कोड असतं. ते स्पर्शानं, एका ताटात जेवून किंवा एका टॉवेलनं पसरत नाही. जुन्या लोकांनी त्याला ‘श्वेतकुष्ठ’ म्हटलं आणि घोटाळा झाला. कुष्ठरोगाशी त्याचं काही नातं नाही. कुष्ठरोगाचा चट्टा बधिर असतो, कोडाच्या डागाला स्पर्श नीट कळतो. मासे खाऊन दूध प्यायल्यानं कोड होतं, हाही समजच. आईला आहे म्हणून मुलीला होईलच असं नाही. शक्यता थोडी वाढते, पण बहुतेक मुलांना होत नाही.

हे सगळं डॉक्टर सांगतात. पण “लग्नात कुणी विचारलं तर काय सांगू?” हे डॉक्टरांना विचारता येत नाही. ते विचारायला तसलीच बाई लागते. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे स्वतः डॉक्टर, आणि कोड त्यांनाही आहे. त्यांनी 2001 मध्ये ‘श्वेता असोसिएशन’ सुरू केली. कोड असलेल्यांनी एकत्र बसावं, आपलं सांगावं, दुसऱ्याचं ऐकावं, हे तिथलं मुख्य काम. कोड असलेल्या मुलामुलींचे वधूवर मेळावेही संस्थेनं भरवले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा चित्रपट याच विषयावरचा. मिळाला तर सासूबाईंना शेजारी बसवून पाहा.

एक गोष्ट मात्र आजच करा. चिकटवायच्या टिकलीखाली खाज सुटत असेल किंवा पांढरं दिसू लागलं असेल, तर ती टिकली बंद. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनानं त्या जागेचा रंग जातो. रबरी चपलांच्या पट्ट्यांनीही कधी कधी असं होतं. आणि “खात्रीनं बरं करतो” म्हणणाऱ्याकडे दागिने मोडून जाऊ नका. मलमं आहेत, विशिष्ट किरणांचे उपचार आहेत, डाग वाढायचे थांबले असतील तर त्वचारोपणही होतं. गुण सगळ्यांना सारखा येत नाही, आणि वेळ लागतो.

हा वेळच बाईला भारी पडतो. अजिंठ्याहून किंवा सिल्लोडहून उपचारांना छत्रपती संभाजीनगर गाठायचं, तर अख्खा दिवस जातो. घाटी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, पण महिनोन्‌महिने फेऱ्या मारायला घरातून पाठवणार कोण? म्हणून सोबतीण शोधा. भिशीत, बचतगटात, आशाताईंच्या ओळखीत एखादी लांब बाह्यांची, पदर गच्च लपेटलेली नक्की असेल. तिला एकटीला गाठून विचारा. दोघी मिळून गेल्या, की घरचे फारशी कुरकुर करत नाहीत, पोरांना एकाच शेजारणीकडे ठेवता येतं, आणि एक आत गेली, की दुसरी बाकावर दोघींचे डबे सांभाळत बसते.