वरच्या खोलीतला विद्यार्थी

मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याकडे जाणारी लाँच ही पिढ्यान्‌पिढ्या उरणकरांची मुंबईची वाट होती. ओहोटीला गाळामुळे ती अडायची आणि घरी परतणाऱ्याची वाट पाहणे हा इथल्या ज्येष्ठांचा नित्यक्रम होता. १२ जानेवारी २०२४ रोजी लोकल उरणपर्यंत आली, त्याच दिवशी अटल सेतूचेही उद्घाटन झाले. अंतर कमी झाले. तथापि नोकरीनिमित्त बाहेर स्थिरावलेली मुले त्यामुळे परत आली नाहीत. आईवडील दोघेच, प्रसंगी एकटेच, दुमजली घरात राहतात. उरणला कोकण ज्ञानपीठाचे महाविद्यालय आहे, जवळच फुंडे येथे रयत शिक्षण संस्थेचे वीर वाजेकर महाविद्यालय आहे. तेव्हा ‘वरची खोली एखाद्या विद्यार्थ्याला द्यावी का?’ हा प्रश्न अशा घरांत उठणे स्वाभाविकच.

या प्रश्नापाशी ज्येष्ठांचे मन बिचकते ते एकाच शंकेने: भाडेकरू घर सोडेल ना? ही शंका निराधार म्हणून झटकणे अन्यायाचे ठरेल. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठवली होती. पुढे १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना भाडेकरूचे संरक्षण लाभले. आज पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांनी हे सारे तरुणपणी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांची भीती म्हणजे त्यांची स्मृतीच होय.

मात्र त्यानंतर कायदा पालटला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम २४ नुसार लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर खोली रिकामी न केल्यास घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. हे संरक्षण लेखी कराराच्या आधारे मिळते. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे व नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, त्याउलट सिद्ध होईपर्यंत. खर्च फारसा नाही: डिपॉझिटवरील गृहीत व्याज धरून एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, आणि नगरपालिकेच्या हद्दीत १००० रुपये नोंदणी शुल्क. आधारच्या साहाय्याने ही नोंदणी घरबसल्याही होते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी ही मोठीच सोय. नव्या भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्यासही विसरू नये.

कागदाचे हे असे. पण आरोग्याच्या दृष्टीने खरी मेख निराळी आहे. बाहेरगावी राहणाऱ्या मुलांच्या मनात नकळत एक हिशेब असतो: ‘तो मुलगा आहे ना घरात, आईबाबांकडे पाहील.’ विद्यार्थ्याला याची कल्पनाही नसते. मग भाडे थोडे कमी घेतले म्हणून औषधे आणण्याची अपेक्षा, पुढे दवाखान्यात सोबत नेण्याची, आणि परीक्षेच्या दिवसांत त्याने नकार दिला की दोन्ही बाजूंना कडवटपणा. सोबत आणि शुश्रूषा या दोन भिन्न गोष्टी आहेत. घरात कुणी वावरते, रात्री वर दिवा दिसतो, सकाळी ‘काकू, येतो’ असे शब्द कानी पडतात, ही सोबत. एकाकीपणाने ग्रासलेल्या वृद्धाला तिचे मोल किती, हे सांगायला नको. रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर देणे, स्नानाला आधार देणे ही शुश्रूषा. ती कुटुंबाने वा पगारी मदतनिसानेच करावी.

नेदरलँड्समधील देव्हेंटर गावी ह्युमॅनिटास नावाच्या वृद्धनिवासात विद्यार्थ्यांना भाड्याशिवाय खोली मिळते. त्या बदल्यात महिन्याला ३० तास त्यांनी चांगला शेजारी म्हणून वृद्धांसोबत घालवायचे. वैद्यकीय शुश्रूषा कर्मचाऱ्यांकडेच असते. तिथे तास मोजले जातात, याचे आपल्याला काहीसे नवल वाटते. आपल्याकडे माया मोजणे अप्रशस्त मानतात. तरीही भाड्यात सवलत द्यायची असेल, तर बदल्यात नेमके काय हवे, हे मुलाने पहिल्याच दिवशी आईवडिलांसमोर विद्यार्थ्याला सांगावे: आठवड्यातून एकदा बाजार, किंवा मोबाइलवरून वीजबिल भरून देणे. बँकेचे कार्ड आणि पिन मात्र कोणत्याही सवलतीत देऊ नयेत, मुलगा कितीही गुणी असो.

आता खोलीविषयी. तळमजल्यावरील, जोडून स्नानगृह असलेल्या खोलीला अधिक भाडे येते, म्हणून ती भाडेकरूला देऊन स्वतः जिना चढणारे आजीआजोबा अनेक घरांत आढळतात. हा सौदा तोट्याचा आहे. रात्री लघवीला उठताना अंधारात पाय घसरणे आणि त्यातून मांडीचे हाड मोडणे, हा वृद्धापकाळातील मोठा घाला. त्यापुढे वर्षभराचे भाडेही तुटपुंजे. तळमजला ज्येष्ठांचाच राहू द्यावा. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आणि पायथ्याशी रात्रभर जळणारा मंद दिवा, एवढे भाडेकरू येण्याआधी करून घ्यावे.

जुन्या घरांत दाराला आतून लोखंडी कडी असते. रात्री ती लावून झोपल्यावर आत कुणी कोसळले, तर वरचा विद्यार्थी दाराबाहेर असहाय उभा राहतो. मुख्य दाराला बाहेरून किल्लीने उघडणारे लॅच बसवावे आणि जादा किल्ली विश्वासातील शेजाऱ्याकडे ठेवावी. स्नानगृहाची कडी आतून न लावण्याची सवय करावी. संकोच वाटल्यास दारावर ‘आत आहे’ अशी पाटी अडकवावी. विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये मुलाचा, डॉक्टरांचा आणि १०८ रुग्णवाहिकेचा क्रमांक असावा. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ ही आहे. तो आकडा मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावा.

विद्यार्थ्याचीही एक बाजू आहे, ती ज्येष्ठांनी समजून घ्यायला हवी. परगावी प्रथमच एकटा राहणारा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा रात्री उशिरापर्यंत वाचतो, मित्रांना बोलावतो, सकाळी उशिरा उठतो. रात्री किती वाजेपर्यंत पाहुणे चालतील, स्वयंपाकघर वापरता येईल का, मासळी शिजवलेली चालेल का (कोळीवाड्याच्या शेजारी हा प्रश्न सहसा उलट दिशेने येतो), पाणी कोणत्या वेळी येते, हे आधीच बोलून घ्यावे. ‘तू तर घरचाच’ म्हणून मोघम ठेवलेल्या गोष्टींवरूनच पुढे कुरबुरी होतात.

परीक्षा आटोपल्या की मे महिन्यात खोली रिकामी होते. वर्षभर ओळखीच्या झालेल्या पावलांचा आवाज थांबतो आणि काही आजींचे जेवण त्या आठवड्यात मंदावते. बाहेरगावच्या लेकीसुनांनी याच दिवसांत चार दिवस येऊन राहावे. खाऱ्या वाऱ्याने आणि ओलीने पोपडे धरलेल्या भिंतींची डागडुजी पाऊस सुरू होण्यापूर्वी उरकून घ्यावी. बुरशी धरलेली खोली दमेकऱ्याला, तरुण असो की वृद्ध, सारखीच बाधते. डिपॉझिट ठरल्या दिवशी परत करावे आणि जूनमध्ये येणाऱ्या नव्या विद्यार्थ्याचा करार त्याचे सामान घरात येण्यापूर्वी नोंदवावा.