एकच प्रवेश, अनेक साधने

विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम वरवर एकसंध दिसत असला, तरी त्यामागे मूडलसारखी अध्ययन व्यवस्थापन प्रणाली, व्हिडिओ वर्ग, गटकार्याचे साधन आणि चाचणीचे सॉफ्टवेअर अशा स्वतंत्र यंत्रणा असतात. त्या परस्परांशी जोडलेल्या नसतील, तर विद्यार्थ्याला प्रत्येक ठिकाणी नवा पासवर्ड लागतो आणि शिक्षकाला तेच गुण पुन्हापुन्हा हाताने भरावे लागतात.

या अडचणीवर उपाय म्हणून २०१० साली ‘लर्निंग टूल्स इंटरऑपरेबिलिटी’, म्हणजेच एलटीआय, हे मानक पुढे आले; मानक म्हणजे वेगवेगळ्या निर्मात्यांच्या प्रणालींनी माहितीची देवाणघेवाण कशी करावी याचे सामायिक नियम. विद्यार्थ्याने अभ्यासक्रमातील दुव्यावर क्लिक करताच मुख्य, म्हणजे अध्ययन व्यवस्थापन, प्रणाली त्याची ओळख, अभ्यासक्रम आणि भूमिका सांगणारा, डिजिटल स्वाक्षरी केलेला संदेश साधनाकडे पाठवते. साधन ती स्वाक्षरी पडताळून त्याला थेट प्रवेश देते आणि काम पूर्ण झाल्यावर गुण मुख्य गुणपत्रकात परत पाठवू शकते.

गुणांपलीकडची अध्ययनप्रक्रिया टिपण्यासाठी २०१३ मधील एक्सएपीआय हे मानक प्रत्येक कृती ‘कर्ता, क्रिया, कर्म’ अशा विधानाच्या रूपात सामायिक नोंदसंग्रहात साठवते, त्यामुळे कोणता विद्यार्थी कुठे अडखळतो हे शिक्षकाला वेळीच कळू शकते.

मात्र जोडणी जितकी व्यापक, तितकी विद्यार्थ्याची खासगी माहिती अधिक ठिकाणी पोहोचते. म्हणून प्रत्येक साधनाला केवळ आवश्यक तेवढीच माहिती देणे आणि तिच्या वापराचा हेतू विद्यार्थ्याला स्पष्टपणे सांगणे, हे विद्यापीठांचे तांत्रिकच नव्हे, तर नैतिक कर्तव्यही ठरते.