मोबाइलमधले पोटभाडेकरू

आत्याच्या फोनवर फुगे फोडायचा एक खेळ होता. तिनं तो काढून टाकला. चार दिवसांनी परत हजर. पुन्हा काढला, पुन्हा आला. त्याच्या जोडीला खरेदीचं एक ॲप, जे तिनं कधी घेतलंच नव्हतं. आत्याचं बालपण पुण्याच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात गेलंय, त्यामुळे तिचं निदान तयार होतं. "पोटभाडेकरू आहेत रे हे. पैसे मोजून मालक झाले मी, पण कंपनीनं एक खोली सोडलीच नाही. आणि आता त्या खोलीत हे लोक आणून ठेवलेत."

बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास एका दुकानात फोन दाखवला. काउंटरवरच्या मुलानं मान वर न करता सांगितलं, "सॉफ्टवेअर मारून देतो काकू. चारशे होतील." अर्ध्या तासात फोन कोरा करकरीत. मग बँकेचं ॲप पुन्हा घ्या, यूपीआयची नोंदणी पुन्हा करा, भिशीच्या ग्रुपवरच्या जुन्या गप्पा गेल्या त्याबद्दल हळहळा. तिसऱ्या दिवशी दोन्ही पाहुणे परत. आत्यानं त्या मुलाचा उद्धार केला, पण त्याचा दोष नव्हता. त्याचं औषधच वेगळ्या रोगाचं होतं.

अँड्रॉइड फोनच्या आत ढोबळमानानं दोन कप्पे असतात. एक तुमचा: फोटो, निरोप, तुम्ही घेतलेली ॲप्स. दुसरा कंपनीचा, आणि तो फक्त वाचण्यापुरता उघडा असतो. त्यात काही लिहायची किंवा पुसायची मुभा तुम्हाला नाही. फॅक्टरी रीसेट केलं की झाडून निघतो तो तुमचा कप्पा. कंपनीच्या कप्प्याला हातही लागत नाही. म्हणूनच काही ॲप्सवर 'अनइन्स्टॉल'ऐवजी 'डिसेबल' एवढंच बटण दिसतं. हे काढणं नव्हे, झोपवणं आहे. आणि दुकानात 'सॉफ्टवेअर मारतात' तेव्हा कंपनीचंच मूळ सॉफ्टवेअर नव्यानं भरतात, म्हणजे पोटभाडेकरूंसकट.

हे पोटभाडेकरू फुकट राहत नाहीत. फोन स्वस्तात विकायचा आणि उरलेली कमाई आतल्या जागेतून करायची, हा धंदा सर्रास चालतो. एखादं ॲप इतक्या फोनांवर चढवलं की त्याच्या कंपनीकडून इतके पैसे. त्यासाठी फोनमध्ये एक हमाल बसवलेला असतो. त्याला धड चेहरा नसतो, नाव काहीतरी 'सर्व्हिस' असतं. फोन पहिल्यांदा सुरू झाला किंवा मोठा अपडेट आला की तो इंटरनेटवरून यादी आणतो आणि यादीतला माल गुपचूप उतरवतो. तुम्ही ॲप काढता, हमाल जागेवरच असतो. त्याला परवानगी कुणी दिली? आपणच. फोन घेतल्या दिवशी 'मान्य', 'मान्य', 'पुढे' करत गेलो तेव्हा.

खरेदीच्या ॲपचा उलगडा असा झाला. बऱ्याच फोनांवर सेटिंगमध्ये ॲपच्या माहितीच्या पानावर अगदी तळाशी एक ओळ असते: हे ॲप कुठून आलं. सगळ्या फोनमध्ये माझ्या मते हीच सर्वांत कामाची ओळ, आणि तिथपर्यंत कुणी बोट सरकवत नाही. खरेदीच्या ॲपखाली कंपनीच्या हमालाचं नाव होतं. खेळाखाली मात्र सरळ 'गुगल प्ले स्टोअर'.

आता इथं मला मान खाली घालावी लागली. आत्याचा फोन मीच सुरू करून दिला होता, आणि घाईत माझंच जीमेल खातं टाकलं होतं. तेच खातं माझ्या मुलाच्या टॅबवर. प्ले स्टोअरमध्ये एका खात्यावरच्या सगळ्या उपकरणांवर ॲप्स सारखी ठेवायची सोय आहे. ती चालू होती. टॅब भरला की चिरंजीव खेळ काढतात, दोन दिवसांनी पुन्हा घेतात, आणि दर वेळी तिकडे आत्याकडे फुगे फुटायला लागतात. आयफोनवरही स्वयंचलित डाउनलोडच्या सेटिंगमुळे असंच होतं. घरातल्या चार फोनांत एकच खातं असलं तर आधी इथंच बघावं, भूतबाधेचा संशय नंतर.

खरी भूतबाधा असते, नाही असं नाही. २०१९ मध्ये 'एक्सहेल्पर' नावाचं प्रकरण उघडकीला आलं. ऑक्टोबरपर्यंत सायबरसुरक्षा कंपनी सिमँटेकनं सुमारे ४५,००० फोन बाधित असल्याचं सांगितलं. त्यांत भारतातले फोन बरेच होते. एक्सहेल्पर कचरा साफ करणारं ॲप म्हणून घरात शिरायचं आणि पडद्यावरून गायब व्हायचं. काढलं तर परत, फॅक्टरी रीसेट केलं तरी परत. २०२० मध्ये मालवेअरबाइट्स या दुसऱ्या सुरक्षा कंपनीच्या तपासात फोनमध्ये काही लपलेले फोल्डर सापडले, जे रीसेटनंतरही शाबूत राहत. त्यांतून एक ॲप बाहेर यायचं, रोग पुन्हा पेरायचं आणि काही सेकंदांत स्वतःलाच पुसून टाकायचं. चोर सापडणार कसा? कॅस्परस्की या तिसऱ्या कंपनीनं पुढचा धागा सोडवला. जुन्या, अँड्रॉइड ६ आणि ७ वर चालणाऱ्या फोनांत हा प्राणी सर्वाधिकार मिळवून थेट कंपनीच्या कप्प्यात घुसत होता. तिथल्या आपल्या फायलींना 'अचल' करून ठेवत होता, आणि तो कप्पा लिहिण्यासाठी उघडण्याची जी आज्ञा असते तिच्यातच फेरफार करत होता. म्हणजे घरात शिरून कुलूपच बदललं. अशा वेळी तापकीर गल्लीतलं 'सॉफ्टवेअर मारणं' हाच खरा उपाय, फक्त भरायचं सॉफ्टवेअर स्वच्छ हवं. कारण त्याच कुळातला 'ट्रायडा' काही फोनांत कारखान्यातून बाहेर पडतानाच शिरलेला होता, हे गुगलनं जून २०१९ मध्ये मान्य केलं. फोन कंपन्यांनी काही सोयी बाहेरच्या ठेकेदाराकडून करून घेतल्या, आणि ठेकेदारानं घाण सोबत पाठवली.

या साफसफाईच्या बाबतीत पुण्याला परकं वाटायचं कारण नाही. कैलास काटकर याच शहरात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होते. भाऊ संजय यांनी व्हायरस काढणारा प्रोग्राम लिहिला आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केलं, तेव्हा संगणकासाठी साफसफाईचं मोफत साधन क्विक हीलनं दिलं आणि मोबाइलसाठी 'एम-कवच' सी-डॅक या सरकारी संस्थेनं. सी-डॅकचं मुख्यालयही पुण्यातच.

पण पोटभाडेकरूंवर अँटिव्हायरस चालत नाही, कारण कागदोपत्री ते चोर नाहीत. तो प्रश्न कायद्याचा. स्पर्धा आयोगानं २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला आणि आधीच भरलेली आपली ॲप्स काढायला ग्राहकाला अडवू नका, असंही बजावलं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला आणि ही सूचना मात्र वगळली. पुढे सरकारलाच मोह झाला. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागानं प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' हे सरकारी ॲप भरण्याचा आदेश काढला. जुन्या साठ्यात अपडेटमधून घाला, आणि ते निष्क्रिय होता कामा नये. ओरड झाली, ३ डिसेंबरला सक्ती मागे. ॲप वाईट नाही, हरवलेला फोन बंद पाडायला उपयोगी आहे. पण उपयोगी पाहुणासुद्धा दार वाजवून येतो.

आत्याच्या फोनवर मग मी तिचं स्वतःचं खातं टाकलं, हमालाला झोपवलं, आणि 'अनोळखी ॲप्स इन्स्टॉल करा' ही परवानगी कुणाकुणाकडे आहे ते पाहून सगळ्यांची काढून घेतली. ती तळाची ओळ तिला दाखवली. आता सोसायटीतल्या बायका दुपारी फोन घेऊन तिच्याकडे येतात.

परवा रात्री मोठा अपडेट झाला. सकाळी सातला तिचा फोन.

"अरे, हमाल उठलाय. दोघं नवे आलेत."

"मग?"

"मग काय, चहा विचारत नाहीये."