गोल्फ आधी की घोडे? किल्डेअर ट्रिपचं प्लॅनिंग

आजचा विषय: आयर्लंडच्या किल्डेअर काउंटीत गोल्फची सुट्टी. डब्लिनहून तासाभरात पोहोचता येतं. २००६ चा रायडर कप झाला तो के क्लब इथलाच, कोर्स अर्नोल्ड पामरनं आखलेला.

पण हा घोड्यांचा मुलूख, आणि मी तेच विसरलो. आधी टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, बुक केली आणि मग हॉटेल शोधायला बसलो. तर आमचा वीकेंड नेमका कराघ रेसकोर्सवरच्या आयरिश डर्बीचा! बहुतेक खोल्या फुल, उरलेल्या भयंकर महाग.

म्हणून आधी रेसचं कॅलेंडर उघडा. एप्रिलच्या शेवटी पंचेस्टाउनला पाच दिवस अडथळ्यांच्या शर्यती असतात, जूनच्या शेवटी डर्बी. रेस बघायचीय? मग खोली आधी, गोल्फ नंतर. नाही बघायची? सरळ आठवडा बदला. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी रेस बघून संध्याकाळी नऊ होल जमू शकतात.

आणि हो, आपल्या पासपोर्टवर शेंगेन व्हिसा असला तरी तो आयर्लंडला चालत नाही. तिथला वेगळा काढा, तोही परत न मिळणारे पैसे भरायच्या आधी. भेटू पुढच्या भागात!