जुन्या जीपचें इंजिन अडखळतें तेव्हां

कांदा भरून बाजारास निघावें आणि इंजिन अडखळूं लागावें, हा प्रसंग ज्यांचे दारीं जुनी पेट्रोल जीप आहे त्यांस नवा नाहीं. अशा वेळीं मिस्त्री प्रथम कार्ब्युरेटरास हात घालतो. आमच्या विलीज जीपचा कार्ब्युरेटर दोनदां उतरविला गेला; पैसे गेले, खोड कायम राहिली.

वास्तविक चार सिलिंडरांपैकीं कोणता काम करीत नाहीं, हें आधीं शोधावें. पेट्रोल कोठें गळत नाहीं अशी खात्री करून इंजिन सावकाश चालूं ठेवावें. रबरी मुठीच्या पकडीनें एकेका प्लगची तार काढून तिचें टोंक इंजिनच्या लोखंडालगत धरावें. मोकळी लोंबूं देऊं नये. तार काढतांच इंजिन मंदावलें, तर तो सिलिंडर चालता आहे. कांहींच फरक न पडल्यास दोषी तोच. मग इंजिन बंद करून त्याचा प्लग शेजारच्या प्लगाशीं बदलावा. दोष प्लगाबरोबर गेला तर प्लग टाकून द्यावा. जागींच राहिला तर तार, डिस्ट्रिब्युटरचें झांकण व शेवटीं व्हॉल्व्ह पाहावे. प्लगावर कोरडी काजळी म्हणजे बहुधा पेट्रोल जास्त, तेलकटपणा म्हणजे बहुधा रिंगा झिजलेल्या. तपकिरी रंग निरोगी. विलीजच्या प्लगाची फट ०.०३० इंच व पॉइंटची ०.०२० इंच ठेवावी.

आमचे जीपची तिसरी तार चिरली होती. रात्रीं अंधारांत बॉनेट उघडलें, तेव्हां चिरेंतून निळी ठिणगी इंजिनवर उडतांना दिसली. सकाळीं एस. टी.नें तालुक्यास जाऊन नवी तार आणली. त्या दिवशींचा बाजार मात्र हुकला.